उजेड यावा, नजर येऊ नये

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी एका बोळाविषयी बोलणार आहे. गावातला बोळ नव्हे, घरातला. आमच्या घरात बाहेरच्या खोलीपासून मागे जाणारा एक पॅसेज आहे. लांबी चौदा फूट, रुंदी जेमतेम साडेतीन. दोन्ही अंगांना खोल्या असल्यामुळे त्याला खिडकी काढायला जागा नाही. भर दुपारी बारा वाजताही तिथं दिवा लावावा लागतो. या पॅसेजच्या टोकाला न्हाणीघर आहे, आणि गंमत अशी की घरातला सगळ्यात चांगला उजेड त्या न्हाणीघरात आहे. मागच्या अंगाला, पूर्वेला, त्याची खिडकी. सकाळी सात वाजता तिथं फरशीवर ऊन पडतं. म्हणजे जिथं दार लावून घ्यायचं तिथं उजेड मुबलक, आणि जिथून दिवसभर सगळ्यांनी जायचं-यायचं तिथं काळोख.

दोन वर्षांपूर्वी त्या काळोखात माझी बायको ठेचकाळून पडली आणि तिच्या मनगटाचं हाड मोडलं. मग मात्र आम्ही मिस्त्रीला बोलावलं. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सांगितलं, "सर, सोपं आहे. न्हाणीचं लाकडी दार काढा, काचेचं बसवा. सगळा उजेड पॅसेजमध्ये येईल."

गळ्यात हात बांधलेल्या अवस्थेत बायकोनं विचारलं, "मिस्त्रीभाऊ, तुमच्या घरी बसवलंय का असं दार?"

मिस्त्री ओशाळून हसला. आणि मला माझी दादी आठवली.

सत्तरच्या दशकात, माझ्या लहानपणी, आमचं जुनं कौलारू घर होतं. त्याचं माजघर इतकं अंधारं की धान्याची कणगी कुठं आहे ते हातानं चाचपून कळायचं. फक्त चुलीच्या वर छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उजेडाचा एक तिरपा खांब खाली यायचा आणि त्यात चुलीचा धूर निळा दिसायचा. न्हाणी मागे परसात, चार तट्ट्यांची. पुढे अब्बांनी तिथं विटांची न्हाणी बांधायला काढली. गवंड्यानं छातीच्या उंचीवर खिडकी ठेवली. दादीनं ती पाहिली आणि आमच्या दखनीत गवंड्याला म्हणाली, "उजाला आने दे बाबा, नजर आने नको दे." गवंड्यानं ती खिडकी बुजवली आणि वर, छपराच्या खाली, एकेक वीट वगळून जाळी काढली. दादी शाळेत गेलेली नव्हती. पण ते एवढंसं वाक्य म्हणजे माणसानं घर बांधायला घेतल्यापासून त्याला पडलेलं एक कोडं आहे. ते कोडं कुणी कुणी कसं सोडवलं, आणि ते सोडवताना किंमत कुणी मोजली, याची गोष्ट आज सांगतो.

आधी हे कोडं अवघड का, ते पाहू. उजेड आणि नजर या दोघांची वाट एकच असते. ज्या फटीतून ऊन आत येतं त्याच फटीतून बाहेरचा माणूस आत पाहू शकतो. फार पूर्वी मोठमोठे विद्वानही असं मानत की डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला जाऊन भिडले की आपल्याला ती दिसते. ग्रीकांचा युक्लिड असं मानत होता, टॉलेमीही मानत होता. 'नजर लागते', 'नजर टाकली' असं आपण आजही म्हणतो, त्यामागेही हीच समजूत आहे. ती मोडून काढली इब्न अल-हैथम या विद्वानानं. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेला हा माणूस पुढे कैरोत राहिला आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्राचा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून उजेड सोडून त्यानं प्रयोग केले. त्याचं म्हणणं असं की डोळ्यातून काही बाहेर जात नाही. वस्तूवर पडलेला उजेड तिथून निघतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो, म्हणून आपल्याला दिसतं.

आता हे न्हाणीघराला लावून पाहा. आत स्नान करणारा माणूस बाहेरच्याला दिसतो, याचा अर्थ त्याच्या अंगावरून निघालेला उजेड सरळ रेषेत बाहेरच्याच्या डोळ्यापर्यंत पोचतो. तेव्हा उजेड पूर्ण अडवायची गरज नाही. ही सरळ रेष मोडली की पुरे. ती मोडायच्या तऱ्हा मोजक्या आहेत. उजेडाची वाट डोळ्यांच्या वर न्यायची, तिचे बारीक तुकडे करायचे, तिला वळवायचं, किंवा उजेड विस्कटून टाकायचा. जगभरच्या कारागिरांनी हेच केलं आहे.

पहिली तऱ्हा हमामांची. तुर्कस्तानात, इस्तंबूल शहरात, १५८४ साली सिनान या नामांकित वास्तुकारानं बांधलेला चेंबरलिताश हमाम आजही उभा आहे. त्याच्या भिंतींना रस्त्याच्या बाजूनं पाहता येईल अशी खिडकी नाही. सगळा उजेड येतो तो घुमटातून. घुमटाला गोल भोकं पाडून त्यांत जाड काचेचे डोळे बसवलेले असतात. तुर्की भाषेत त्यांना 'हत्तीचे डोळे' म्हणतात. स्पेनमध्ये अलहंब्राच्या राजवाड्यातल्या स्नानगृहांनाही छतात चांदणीच्या आकाराची भोकं आहेत. वाफेनं भरलेल्या त्या दालनात उजेडाचे खांब उतरतात. वरून पाहणारा कुणी नाही, असला तर पक्षी. दादीनं छपराखाली काढून घेतलेली विटांची जाळी आणि सिनानचा घुमट यांच्यात खर्चाचा फरक आहे, तत्त्वाचा नाही.

दुसरी तऱ्हा जाळीची, आणि ती आपल्या फार ओळखीची. अहमदाबादला १५७२-७३ मध्ये बांधलेली सिदी सय्यद मशीद आहे. मूळच्या हबशी असलेल्या एका सरदारानं ती उभारली. तिच्या दगडी जाळ्यांतलं झाड साऱ्या जगात प्रसिद्ध आहे. आपल्याकडे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबरा आहे. तिथं राबिया दौरानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिलरस बानूच्या कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. बाईचा अंत १६५७ साली झाला. पडदा मात्र दगडाचा होऊन अजून तिच्याभोवती उभा आहे. जयपूरचा हवामहल १७९९ सालचा. तिथं जाळीआडून राजस्त्रिया रस्त्यावरची मिरवणूक पाहत. रस्त्यावरच्या माणसाला मात्र त्या दिसत नसत.

हे कसं होतं? जाळी तर दोन्ही बाजूंनी सारखीच असते. खुबी जाळीत कमी आणि उजेडात जास्त आहे. जो अंधाराच्या बाजूला उभा आहे त्याला उजेडातलं सगळं दिसतं. जो उजेडात उभा आहे त्याला अंधारातलं काही दिसत नाही. दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि आत सावली, म्हणून आतला माणूस सुरक्षित. पण रात्री आत दिवा लागला की हिशेब उलटा होतो. रस्ता अंधारा, खोली उजळलेली, आणि तीच जाळी आतल्या माणसाला उघडं पाडते. आपल्या आया-आज्या दिवेलागणीला आधी पडदे ओढून मग दिवा का लावायच्या, ते यावरून कळतं. त्यांनी प्रकाशशास्त्र वाचलं नव्हतं, पण ते त्यांच्या हातात होतं.

तिसरी तऱ्हा आपल्या वाड्यांची. पेशवाईतल्या वाड्याकडे रस्त्यावरून पाहिलं तर भिंत दिसते, दिंडी दरवाजा दिसतो, पण घर दिसत नाही. वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो आणि चौकातून, म्हणजे आभाळाकडून उजेड घेतो. मोठ्या वाड्यांत एकामागे एक चौक. पहिला आल्यागेल्यांचा, कारभाराचा. मागचा घरातल्या बायकांचा. पुष्कळ ठिकाणी दारातून शिरल्यावर लगेच समोरचं दिसू नये म्हणून वाट वळवलेली असे. माणूस वळण घेऊन आत येतो. नजरेला वळण घेता येत नाही. उजेड मात्र भिंतीवरून भिंतीवर आपटत थोडाफार आत पोचतो. पांढरा चुना लावायची पद्धत या कामाला फार उपयोगी पडे, कारण चुन्याची भिंत उजेड गिळत नाही, पुढे ढकलते.

चौथी तऱ्हा पाहायची तर गोव्यात जावं. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले असत. खाडीत सापडणारा एक चपटा, पातळ, अर्धपारदर्शक शिंपला. तो चौकोनी कापायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाशेजारी एक सरकवायचा. काच दुर्मीळ आणि महाग असताना ही युक्ती पोर्तुगीज अमदानीत रुळली. या खिडकीतून आत येणारा उजेड दुधासारखा असतो. बाहेरचं झाड दिसत नाही, पण दिवस उगवला हे दिसतं. किरण शिंपल्याच्या असंख्य पापुद्र्यांत शिरतो आणि वाट चुकल्यासारखा चहूकडे पसरतो. प्रकाश पोचतो, चित्र पोचत नाही. आज आपण न्हाणीघराला जी दाणेदार किंवा घाशीव काच लावतो ती याच शिंपल्याची धाकटी बहीण.

ती काच पूर्वी वाळू आणि कुरुंदाच्या भुकटीनं हातानं घासून करत. १८७० साली फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यानं वाळूचा झोत मारून काच खरबरीत करण्याचं पेटंट घेतलं आणि हे काम झपाट्यानं होऊ लागलं. पुढे साच्याच्या रुळांतून काढलेली नक्षीची काचही स्वस्त झाली. आपल्याकडे स्वदेशीच्या काळात, १९०८ साली, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडानं तळेगावला काच कारखाना काढला. मग कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना आला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत टांगला गेला. उजेड ही गोष्ट तेव्हा देशभक्तीचीही झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट सोयीची आणि सुंदर आहे. पण राजे, सरदार, वाडेवाले यांच्या घरांची आहे. एका खोलीत राहणाऱ्यांचं काय? त्यांची गोष्ट सांगायची तर १८९६ च्या मुंबईत जावं लागेल.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. बघता बघता शहर ओस पडू लागलं. प्लेग कसा पसरतो, याचा पत्ता तेव्हा लागलेला नव्हता. सरकारी डॉक्टरांची समजूत अशी की अंधार, ओल आणि कोंदट हवा यांत तो पोसला जातो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि सरकारला घरात शिरायचे अमर्याद अधिकार मिळाले. पथकं आली. भिंतींना चुना मारला, सामान बाहेर काढून जाळलं. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशी इंग्रजी अक्षरं रंगवली. आणि उजेड आत यावा म्हणून कित्येक घरांच्या छपरांची कौलं काढून टाकली.

श्रोतेहो, या एका गोष्टीपाशी मी पुष्कळदा थांबतो. दादीच्या घरातही छपरातून उजेड येत होता, पण तिथं काचेचं एक कौल होतं आणि ते घरच्यांनी बसवलेलं होतं. इथं परक्या माणसांनी शिडी लावून छप्पर उघडलं. आतल्या बाईला कुणी विचारलं नाही. तिला उजेड मिळाला आणि तिचा आडोसा गेला.

पुण्यात तर लष्करातले गोरे सैनिक घरं तपासत होते. ते देवघरात, माजघरात शिरतात, बायकांना बाहेर काढून सगळ्यांसमोर तपासतात, अशा तक्रारी होत्या. त्या संतापाचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मुंबईत पुढच्याच वर्षी, ९ मार्च १८९८ रोजी, मदनपुऱ्यातल्या मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीवरून पथकाशी झगडा झाला, दंगल पेटली, गोळीबार झाला आणि माणसं मेली. पुण्यातला ब्राह्मण आणि मदनपुऱ्यातला जुलाहा यांचं एरवी कुठं जमलं असतं? पण आपल्या घरातल्या बाईला परक्यानं विचारल्यावाचून पाहू नये, ही दोघांची व्यथा एकच होती. त्या व्यथेत बायकांचं स्वतःचं म्हणणं काय होतं, हे मात्र फारसं कुणी टिपून ठेवलं नाही. त्यांच्या वतीनं पुरुषच बोलले. तेही इथं नमूद केलं पाहिजे.

आणि सगळ्यांत मोठा दैवदुर्विलास पुढे आहे. १८९८ सालीच कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे कौलं काढून प्लेग जाणारा नव्हता.

तरीही मी एकाच बाजूनं बोललो तर ते खरं होणार नाही. अंधारी घरं वाईटच होती. प्लेगसाठी नसली तरी क्षयासाठी होती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ साली शोधला. तो अंधाऱ्या कोंदट जागी टिकतो आणि उन्हात मरतो. त्यामुळे १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं उजेडाचा प्रश्न हाती घेतला, ते योग्यच झालं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांच्या उजेडावर आणि हवेवर एक व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा होता. नियम ऐकायला अवघड, पण समजायला सोपा आहे. इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा तिच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मध्ये हवी. चाळीस फूट उंच घर, तर समोर वीस फूट रिकामे. तेव्हा तळमजल्याच्या खिडकीलाही आभाळाचा तुकडा दिसतो. इंग्लंडात एके काळी, १६९६ पासून १८५१ पर्यंत, घराला किती खिडक्या यावर कर होता आणि लोक तो चुकवायला खिडक्या बुजवत. त्याच देशातला एक अधिकारी मुंबईत गरिबाच्या खिडकीसाठी कोन मोजत होता, हेही इतिहासातच लिहिलेलं आहे.

पण ऑरसाहेबांच्या कोनात आडोशाचा हिशेब नव्हता. उजेड मोजता येतो, लाज मोजता येत नाही. याचा पडताळा १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींत मिळतो. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं सरकारी विकास खात्यानं कामगारांसाठी त्या बांधल्या. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही हातांना एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या, संडास मजल्यावर सामाईक. आमच्या घरच्या पॅसेजचाच हा मोठा अवतार. खोल्यांची दारं लावली की पॅसेज अंधारा. म्हणून दारं दिवसभर उघडी, आणि दारावर पडदा. पॅसेजला उजेड हवा तर प्रत्येक घरानं आपला थोडा आडोसा द्यायचा, असा तो न बोललेला करार होता. आत कोपऱ्यात मोरी. बाई अंघोळीला बसली की दार लागायचं आणि घरातले पुरुष टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर उभे राहायचे. दाराबाहेर उभा असलेला तो बाप किंवा भाऊ, हीच त्या घराची न्हाणीची भिंत होती. २०२५ साली वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घरांत संडास-बाथरूम आत आहे. शंभर वर्षांनी दार आतून लावता येऊ लागलं.

ज्यांना मोरीसुद्धा नव्हती त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपल्या गावांत बायका पहाटे उजाडायच्या आधी किंवा रात्री अंधार पडल्यावर गावाबाहेर जात. दिवसभर पोटात कळ दाबून ठेवत, पाणी कमी पीत. त्यांच्याकडे भिंत नव्हती, म्हणून अंधार हाच त्यांचा आडोसा होता. एसटीतून रात्रीचा प्रवास केलेल्यांना आठवत असेल. गाडीचा दिवा वळणावर रस्त्याच्या कडेला पडायचा आणि बसलेल्या बायका चटकन उठून, पाठ फिरवून उभ्या राहायच्या. त्या दिव्याइतका निर्दय उजेड मी दुसरा पाहिला नाही.

२०००-०१ मध्ये आपल्या राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यातून पुष्कळ चांगलं झालं, हजारो घरांना संडास मिळाले. पण त्याच काळात 'गुड मॉर्निंग पथकं'ही निघाली. पहाटे टॉर्च घेऊन, शिट्ट्या वाजवत ती माणसांना हटकत. कुठं गुलाबाचं फूल देत, कुठं दंड करत. हेतू चांगला होता, यात शंका नाही. प्लेगच्या पथकांचाही हेतू रोग घालवण्याचाच होता. पण घरात संडास बांधायला ऐपत नसलेल्या बाईच्या अंगावर टॉर्चचा झोत पडला, तेव्हा तिला १८९७ च्या त्या बाईसारखंच वाटलं असणार. तिला उजेडाआधी भिंत हवी होती.

कुराणात 'अन्-नूर' नावाची सूरा आहे. नूर म्हणजे प्रकाश. त्या अध्यायात कोनाड्यातल्या दिव्याचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. आणि त्याच अध्यायात आज्ञा आहे की दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नका. दिवसाच्या तीन वेळा तर घरातल्या लेकरांनीसुद्धा विचारून आत यावं. प्रकाश आणि परवानगी एकाच अध्यायात आलेली पाहून मला नेहमी दादीचं वाक्य आठवतं. तिनं ते तिथून घेतलं होतं की परसातल्या न्हाणीकडून, हे विचारायचं राहून गेलं.

आता आमच्या पॅसेजकडे परत येतो, नाहीतर बायको म्हणेल, इतिहास सांगितला आणि दिवा लावायचा तो लावलाच नाही.

आम्ही न्हाणीचं लाकडी दार ठेवलं. दाराच्या चौकटीच्या वर, सात फुटांपासून छतापर्यंत, दोन फुटांची भिंत होती. तेवढी काढून तिथं न उघडणारी, जाड, रेघांची काच बसवली. जुन्या इंग्रजी अमदानीतल्या शाळा-कचेऱ्यांत दारावर अशी काच असायची, तुम्ही पाहिली असेल. पॅसेजमध्ये उभं राहून वर पाहिलं तर न्हाणीचं छत तेवढं अंधुक दिसतं. रात्री आत दिवा लावला तरी तेवढंच दिसतं, कारण काच डोक्याच्या वर आहे. दारालाच घाशीव काच बसवली असती तर दिवसा चाललं असतं. पण रात्री आत दिवा लागला आणि माणूस काचेच्या जवळ आला की त्याची सावली तिच्यावर स्पष्ट उमटते.

मिस्त्रीनंही मला एक गोष्ट शिकवली. घाशीव काच ओली झाली की पारदर्शक होते. तिच्या खरबरीत अंगावरच्या बारीक खळग्यांत पाणी भरतं आणि काच पुन्हा गुळगुळीत असल्यासारखी वागू लागते. म्हणून खरबरीत बाजू कधी पाण्याकडे करायची नाही. "सर, लोक उलटी बसवतात आणि मग ओरडतात," तो म्हणाला. काचेच्या दाराचा सल्ला देणारा तो हाच माणूस. ज्ञान त्याच्यापाशी होतं. फक्त आमच्या घरातल्या बाईच्या जागी उभं राहून त्यानं विचार केला नव्हता. एकदा केला, आणि सगळं काम त्यानंच नीट केलं. पॅसेजचं छत आणि भिंतींचा वरचा भाग पांढरा करायची सूचनाही त्याचीच.

आता सकाळी दहा-अकरापर्यंत पॅसेजमध्ये वर्तमानपत्रातले मथळे वाचता येतात. दुपारी उजेड मवाळ होतो, पण पाऊल दिसतं. पावसाळ्यात ढगाळ दिवशी दिवा लावावाच लागतो, ते खोटं कशाला सांगू? बायकोचा हात बरा झाला. थंडीत थोडा दुखतो.

काम झालं त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन आतून दार लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, "बघा, काही दिसतंय का?" मी पॅसेजभर फिरलो, टाचा उंचावून पाहिलं, शेवटी स्टुलावरही चढलो. म्हटलं, "नाही. नुसता उजेड दिसतोय." मग तिनं मिस्त्रीला पैसे दिले.